आठवड्याचे तास कोण मोजतो?

बारा वर्षांचा मुलगा आठवडाभरात नेमके किती तास खेळतो, याचा हिशेब कोणाकडे असतो? शाळेच्या क्रीडाशिक्षकाला शाळेच्या सरावाची माहिती असते. क्लबच्या प्रशिक्षकाला संध्याकाळचे दोन तास ठाऊक असतात. 'फिटनेस' करून घेणारा तिसराच कोणी असतो आणि रविवारचे सामने भरवणारी संघटना चौथी. शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की तालुका, जिल्हा, विभाग अशा फेऱ्यांची त्यात भर पडते. यातला प्रत्येक जण आपल्यापुरते मोजतो आणि आपल्यापुरते ते बेताचेच असते. बेरीज मात्र कोणी करत नाही. ती होते थेट मुलाच्या गुडघ्यात, टाचेत नाहीतर कमरेत.

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न आता थोड्याथोडक्या घरांचा राहिलेला नाही. गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल, विद्यापीठ परिसरातील भारतीय खेळ प्राधिकरणाचे केंद्र, शाळांची मैदाने आणि उपनगरांतल्या मोकळ्या प्लॉटवर जाळ्या लावून उभ्या राहिलेल्या क्रिकेट अकॅडम्या पहाटे आणि संध्याकाळी मुलांनी भरलेल्या दिसतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दमछाक होईल अशी हालचाल करावी असे सांगते. जगातली ११ ते १७ वयोगटातली सुमारे ८१ टक्के मुले तेवढीही हालचाल करत नाहीत. त्यामुळे मूल मैदानावर जाते याची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता आहे ती मैदानावर पोहोचलेल्या मुलांपैकी काहींवर पडणाऱ्या ओझ्याची. ते ओझे पालकांना जाणवते, पण नेमके कोणाला काय विचारावे ते सुचत नाही. मग निवड झाली का, सर लक्ष देतात का, बूट चांगले कोणते, एवढ्यावरच बोलणे थांबते.

दबाव येतो कुठून, हे आधी पाहायला हवे. सगळा दोष पालकांच्या हौसेवर टाकणे सोपे आहे आणि बऱ्याच अंशी अन्यायाचेही. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाडूंना स्पर्धेच्या स्तरानुसार सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. मराठवाड्यासारख्या, नोकऱ्यांची टंचाई असलेल्या भागात या दोन ओळींचे वजन किती असते हे वेगळे सांगायला नको. ट्रॅम्पोलिन या खेळाच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याचे प्रकरण काही वर्षांपूर्वी राज्यात गाजले, ते याच वजनामुळे. खोटे प्रमाणपत्र घेणारा मैदानावर येतच नाही. प्रामाणिकपणे येणाऱ्या मुलाच्या पाठीवर मात्र त्याच प्रमाणपत्राचे ओझे असते. दुखत असले तरी 'एवढी विभागीय स्पर्धा होऊ दे, मग विश्रांती' हे वाक्य त्यातूनच येते.

असे घडणारा हा एकमेव प्रदेश नव्हे. लॅक्रॉस या खेळाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा हा खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात क्रिकेटबरोबरच त्याचाही २०२८च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये समावेश झाला, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी त्याचे नाव पहिल्यांदा ऐकले. अमेरिकेत मात्र या खेळाचे बारमाही क्लब, त्यांची फी, सुट्टीतल्या स्पर्धांचे दौरे आणि त्यापायी बेजार झालेले पालक हा जुना विषय आहे. त्यामागचे मोठे कारण होते महाविद्यालयीन प्रवेश. विद्यापीठांचे प्रशिक्षक आठवी-नववीतल्या मुलामुलींकडून 'आमच्याकडेच येईन' असा तोंडी शब्द घेऊ लागले होते. तेराव्या-चौदाव्या वर्षी दिसायचे, तर अकराव्या वर्षापासून बारा महिने खेळायलाच हवे, असे गणित तयार झाले. अखेर २०१७ मध्ये तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने नियम केला की आपल्याकडच्या अकरावीशी जुळणाऱ्या वर्षाच्या १ सप्टेंबरपर्यंत प्रशिक्षकांनी मुलांशी याबाबत संपर्कच साधायचा नाही. ही मागणी खुद्द लॅक्रॉसच्या प्रशिक्षकांच्या संघटनांनी लावून धरली होती, हे त्यातले विशेष. एकट्यादुकट्या पालकाला समजावून जे झाले नसते, ते एका तारखेने केले.

आता शरीराकडे. वाढत्या वयातल्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेच्या पट्ट्या असतात. हाड लांबीला वाढते ते तिथून. या पट्ट्या पक्क्या हाडापेक्षा आणि भोवतालच्या अस्थिबंधांपेक्षा नाजूक असतात. मोठ्या माणसाचा जिथे स्नायू लचकेल, तिथे मुलाची ही पट्टी दुखावते. शिवाय उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात (मुलींमध्ये साधारण बाराव्या, मुलांमध्ये तेरा-चौदाव्या वर्षाच्या आसपास) हाडे आधी लांब होतात आणि स्नायू, स्नायुबंध मागून येतात. काही महिने ते ताणलेलेच राहतात. याच काळात रोज शेकडो उड्या, धावा, लंज मारले, की स्नायुबंध जिथे हाडाला चिकटतो तिथली वाढीची जागा ओढली जाऊन सुजते. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणे म्हणजे ऑसगुड-श्लाटर. टाच दुखून मूल चवड्यांवर चालू लागणे म्हणजे सेव्हरचा आजार. नावे भारदस्त असली तरी दोन्ही बहुतेक वेळा भार कमी केल्यावर बरे होतात. अट एवढीच की भार खरोखर कमी व्हायला हवा. शाळेत 'आज खेळू नको' आणि क्लबमध्ये 'हळूहळू चालू ठेव' असे झाले तर महिनोन्महिने तेच दुखणे रेंगाळते.

कमरेचे दुखणे मात्र वेगळ्या गांभीर्याने घ्यायला हवे. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या आणि पाठ मागे वाकवणाऱ्या जिम्नॅस्टिक्सच्या मुलांमध्ये कमरेच्या मणक्याच्या मागच्या पातळ भागाला वारंवारच्या ताणाने चीर पडते. सुरुवातीला साध्या क्ष-किरण तपासणीत ती दिसतेच असे नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून मुलाला पुन्हा जाळ्यात उभे करण्याची चूक यातूनच होते. पाठ मागे वाकवल्यावर एका बाजूला दुखत असेल आणि दोन-तीन आठवडे ते जात नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांनाच दाखवावे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने कित्येक वर्षे तेरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजासाठी एका स्पेलमध्ये पाच आणि दिवसभरात दहा षटके अशी मर्यादा ठेवली, ती याच भीतीने. आपल्या गल्लीबोळांतल्या अकॅडम्यांमध्ये जाळ्यात टाकलेले चेंडू कोणी मोजत नाही. सामन्यातली षटके निदान धावफलकावर येतात, सरावातली कुठेच येत नाहीत, आणि जास्त चेंडू सरावातच पडतात.

मोजायचे कसे, याचे एक सोपे माप उपलब्ध आहे. शिकागो परिसरातील सुमारे बाराशे खेळाडू मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा आठवड्याच्या सरावाचे तास जास्त असलेल्या मुलांमध्ये अतिवापराच्या गंभीर दुखापतींचे प्रमाण अधिक आढळले. बारा वर्षांच्या मुलाने आठवड्याला बारा तासांच्या आत राहावे, असा त्याचा व्यवहारी अर्थ. प्रशिक्षकाच्या देखरेखीखालचा खेळ मोकळ्या खेळाच्या दुपटीहून जास्त असणेही त्रासाचे ठरले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यानंतर आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि मुख्य खेळापासून वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांत, दूर राहण्याचा सल्ला दिला. त्या महिन्यांत मुलाने घरी बसायचे नाही. पोहावे, सायकल चालवावी, दुसरे काही खेळावे. एकाच खेळाला वाहून घेणे शक्यतो पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे, असेही तिने सांगितले.

हे आकडे परदेशी आहेत आणि निरीक्षणातून आलेले आहेत, म्हणजे तेरावा तास भरला की हाड मोडते असा त्याचा अर्थ नाही. पण आपल्याकडची परिस्थिती अधिक सैल धरावी अशीही नाही, उलट कडकच आहे. इथला बारा-चौदा वर्षांचा खेळाडू सकाळी सराव, मग शाळा, मग शिकवणी, मग पुन्हा सराव आणि रात्री गृहपाठ अशा चक्रात असतो. चाट पडते ती झोपेला. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि त्यापुढच्या किशोरांना ८ ते १० तास झोप लागते. पहाटे साडेपाचला मैदानावर असणाऱ्या आणि रात्री अकराला दिवा मालवणाऱ्या मुलाचे गणित जमणार कसे? लॉस एंजलिसमधील एका लहान अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या किशोर खेळाडूंना दुखापतीची शक्यता १.७ पट दिसली होती. अभ्यास छोटा असला तरी त्यावर अविश्वास दाखवावा असे काही मैदानावर दिसत नाही. पेंगुळलेले मूल अडखळते, उशिरा वाकते, चुकीचे पडते, हे कोणत्याही अनुभवी प्रशिक्षकाला ठाऊक असते.

यावर ठरलेले उत्तर येते, 'लवकर सुरुवात केली नाही तर मागे पडेल.' शास्त्राने या समजुतीचा बराच पिच्छा पुरवला आहे. सहा हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती एकत्र करणाऱ्या २०२१ मधील एका विश्लेषणात दिसले, की प्रौढ वयात जागतिक दर्जा गाठणाऱ्यांनी लहानपणी राष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूंपेक्षा जास्त वेगवेगळे खेळ खेळले होते, आपला मुख्य खेळ उशिरा धरला होता आणि सुरुवातीला त्यांची प्रगतीही सावकाश होती. लहान गटांत चमकणाऱ्या मुलांचे चित्र नेमके उलटे होते. म्हणजे चौदा वर्षांखालच्या गटातले पदक आणि पंचविसाव्या वर्षीचे पदक यांची वाट एक नसते. त्या वयोगटात तर शरीर आधी वाढलेले मूलच बहुधा जिंकते. एकाच जन्मवर्षातल्या दोन मुलांच्या शारीरिक वाढीत काही वर्षांचे अंतर असू शकते. निवड समिती पाहते ते पुष्कळदा वेळापत्रक, गुणवत्ता नव्हे. आणि उशिरा वाढणाऱ्या मुलाचे आईवडील 'याला जमत नाही' असे मानून खेळ सोडवतात.

शेजारच्या बीड जिल्ह्यातले उदाहरण सर्वांच्या माहितीचे आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात दाखल झाल्यानंतर स्पर्धात्मक धावण्याकडे आणि पुढे स्टीपलचेसकडे वळला. २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी हा त्यानंतरचा प्रवास. लहानपणी शाळेपर्यंतचे काही किलोमीटर पायी तुडवणे हीच त्याची तयारी. पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळेही किशोरवयात शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथे आधी सर्वसाधारण शारीरिक प्रशिक्षण घेतले आणि मग नेमबाजी निवडली. दोन नावांवरून नियम सिद्ध होत नाही, हे खरेच. पण मग 'अमका सहाव्या वर्षापासून खेळतो' हे वाक्यही पुरावा म्हणून चालणार नाही.

जिम्नॅस्टिक्सचे प्रशिक्षक इथे रास्त आक्षेप घेतात. त्यांच्या खेळात लवचिकता आणि कौशल्य लहानपणीच यावे लागते. ते मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. खेळ लवकर सुरू करणे आणि लवकरच स्पर्धांच्या रांगेत उभे करणे या वेगळ्या बाबी आहेत. आणि या खेळाच्या जागतिक संघटनेनेच १९९७ पासून महिलांच्या वरिष्ठ स्पर्धेसाठी किमान वय सोळा केले. बर्फावरच्या स्केटिंगने अलीकडे ते पंधरावरून सतरावर नेले. लहान मुलींच्या शरीराची झीज पाहूनच ही पावले पडली.

मुलींचा विषय निघालाच आहे, तर तो मोकळेपणाने बोलायला हवा, कारण मैदानावर तो बोललाच जात नाही. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार कमी पडला, की शरीर काटकसर सुरू करते. ती काटकसर आधी पाळीत आणि हाडांत दिसते. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आणि ती मुलांमध्येही होते हे स्पष्ट केले. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू न होणे किंवा सुरू झालेली पाळी सलग तीन महिने बंद राहणे याला 'सराव चांगला चाललाय' असे समजणे धोक्याचे आहे. ती डॉक्टरांकडे जाण्याची खूण आहे. वजनगटांच्या खेळांत, म्हणजे कुस्ती, ज्युदो, मुष्टियुद्धात, स्पर्धेच्या आदल्या दोन दिवसांत पाणी तोडून वजन उतरवण्याचा प्रकार मुलगे-मुली दोघांकडूनही करवला जातो. वाढत्या वयात त्याला कुठलेही समर्थन नाही. त्यातच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आहे. धाप लागणारी, मागे पडणारी मुलगी आळशी असेलच असे नाही. एका साध्या हिमोग्लोबिन तपासणीने पुष्कळ ओरडा वाचतो. डब्यात चपाती-भाजीबरोबर उसळ, शेंगदाणे-गूळ, अंडे चालत असेल तर अंडे एवढे असले तरी बाजारातल्या प्रोटीनच्या डब्यांची गरज बहुतेक मुलांना पडत नाही.

उन्हाळी शिबिरांचे काय करायचे, हा या शहराचा खास प्रश्न. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असताना नेमकी शिबिरे भरतात, कारण सुट्टी तेव्हाच असते. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. शिबिर मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण जोरात सुरू होते. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते, तिथे मैदानावर पिण्याचे पाणी असेल हे गृहीत धरता येत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, सावलीची जागा, ऊन चढण्याआधी सराव बंद, हे लेखी ठरलेले असावे. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा भेलकांडू लागले तर आधी तिथेच अंगावर गार पाणी, बर्फ, ओले कपडे. रुग्णवाहिकेची वाट पाहत गार करणे थांबवायचे नाही. डोक्याला मार बसून मूल गोंधळले, चक्करले, उलटी झाली, तर त्या दिवशी खेळ संपला. 'उठ, काही झाले नाही' असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रशिक्षकाला प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान, ही आपली जुनी समजूत. गुरूविषयीचा आदर चांगलाच, पण अकॅडमी ही फी घेऊन चालणारी सेवा आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका किंवा त्या खेळाच्या संघटनेचे मान्य प्रशिक्षण आहे का, प्रथमोपचार कोणाला येतो, बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींसोबत महिला व्यवस्थापक असते का, हे विचारायलाच हवे. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणे हा २०१२च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा क्लबलाही लागू आहे, हे अनेक क्लबांना माहीत नसते. सार्वजनिक पैशाचेही तसेच. डिसेंबर २०२४ मध्ये याच शहरातल्या विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यांतून २१ कोटींहून अधिक रुपयांचा अपहार झाल्याचे प्रकरण उघडकीस आले. एवढ्या रकमेत मैदानांवर पाणी, सावली आणि फिजिओथेरपिस्ट किती वर्षे पुरले असते, हा हिशेब पालकांनी मागितला तर त्यात आगाऊपणा कसला?

बेरीज करण्याचे काम मात्र आज तरी घरातच करावे लागणार आहे, कारण शाळा, क्लब, वैयक्तिक प्रशिक्षक आणि स्पर्धा या चारही ठिकाणी मूल जाताना पाहणारे फक्त आईवडीलच असतात. एक वही पुरते. रोजचे तास, कुठे दुखले आणि किती वाजता झोपले, एवढ्या तीन नोंदी. महिन्याला दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करावी. खूण एकदम वर सरकू लागली तर पुढचे काही महिने उड्या आणि धावणे कमी करायला सांगावे. सामन्याआधी वेदनाशामक गोळी देऊन खेळवायचे नाही, हे ठरवून टाकावे. रात्री दुखून जाग येत असेल, लंगडत असेल, सांधा सुजला असेल तर वहीसकट डॉक्टरांकडे जावे. चार आठवड्यांच्या नोंदी पाहून डॉक्टरांना जे कळते ते पाच मिनिटांच्या सांगण्यातून कळत नाही.

आणि हीच वही महिन्यातून एकदा प्रशिक्षकासमोर ठेवावी. चांगला प्रशिक्षक ती बघून आपला सराव कमी-जास्त करील, कदाचित शाळेच्या सरांना फोनही करील. जिल्हा क्रीडा कार्यालयाला तर याहून पुढे जाता येईल. शालेय स्पर्धेच्या प्रवेशिकेवर जन्मतारखेच्या रकान्याशेजारी आठवड्याच्या एकूण सरावाचा आणि गेल्या तीन महिन्यांतल्या दुखापतीचा एकेक रकाना वाढवायला फारसा खर्च येत नाही. यंदाचा हंगाम सुरू होण्याआधी तेवढी मागणी पालक संघांनी कार्यालयात लेखी नेऊन द्यायला हरकत नाही.